१९६७ ची स्टिंग रे लिलावात घेताना काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. जानेवारीत फ्लोरिडातल्या एका मोठ्या लिलावात १९६७ ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे येतेय. कन्व्हर्टिबल, मरीना ब्लू रंग, ४२७ घन इंचांचं ४३५ अश्वशक्तीचं इंजिन, चार गिअर. कॅटलॉगमध्ये ‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिनावर ठोकलेले आकडे गाडीच्या क्रमांकाशी जुळतात) आणि ‘टँक स्टिकर उपलब्ध’ (कारखान्यात टाकीवर चिकटवलेला ऑर्डरचा कागद आहे) असं लिहिलंय. दीड लाख डॉलरपर्यंत जायची तुमची तयारी आहे. घ्यावी का, काय तपासावं, आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला नेता येईल का?

मी डेट्रॉइटच्या आसपास याच काळातल्या कॉर्व्हेट दुरुस्त करतो आणि घेणाऱ्यांसाठी तपासतो. माझं म्हणणं असं: ती गाडी जेवढं सिद्ध करून दाखवेल तेवढ्याचीच किंमत मोजा. सांगोवांगीला एक डॉलरही नको. ४३५ चं इंजिन मूळचंच आहे हे सिद्ध झालं, तर तुमचा आकडा विचार करण्यासारखा आहे. सिद्ध झालं नाही, तर ती छान दिसणारी, छान पळणारी, पण इंजिन बदललेली स्टिंग रे आहे असं धरून बोली लावा. मधली पायरी नाही.

एवढा कडकपणा कशासाठी, ते आकड्यांतच दिसतं. १९६७ साली कन्व्हर्टिबलची मूळ किंमत होती ४,२४० डॉलर ७५ सेंट. त्यावर ४३५ अश्वशक्तीचं इंजिन, कंपनीच्या भाषेत एल-७१, हवं असेल तर आणखी ४३७ डॉलर १० सेंट. तेव्हा दोन गाड्यांमधला फरक एवढाच होता. आज साधं ३२७ चं इंजिन असलेली गाडी आणि खरी एल-७१ शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर तो फरक दहा-दहा हजार डॉलरच्या पटीत मोजावा लागतो. त्या वर्षी सेंट लुईसच्या कारखान्यातून २२,९४० कॉर्व्हेट बाहेर पडल्या, त्यातल्या फक्त ३,७५४ एल-७१ होत्या. आकड्यांचे पंच आणि एक हातोडी घेऊन या दोन गटांमधलं अंतर मिटवणारे लोक गेली कित्येक वर्षं कामाला आहेत. काहींचं काम इतकं सफाईदार असतं की दाद द्यावीशी वाटते.

१९६७ च्याच गाडीमागे सगळे का धावतात, तेही सांगतो, कारण त्यातच तपासणीच्या खुणा आहेत. स्टिंग रेची घडण १९६३ ची. बिल मिचेल आणि लॅरी शिनोदा यांनी रूप दिलं, खालची यंत्रणा झोरा अर्कस-डुन्टॉव्ह यांची. १९६७ ला नवीन कॉर्व्हेट आणायचा बेत होता, तो वर्षभर लांबला, म्हणून जुनाच साचा आणखी एक वर्ष चालवला. मग त्यावरचा फाजील साज उतरवला गेला. बाजूच्या पत्र्यावर (पत्रा म्हणायचं सवयीने, आहे फायबरच) पाच तिरप्या झडपा आल्या, हँडब्रेक डॅशखालून उठून दोन सीटच्या मध्ये आला, मागे नंबरप्लेटच्या वर एकच आडवा रिव्हर्सचा दिवा बसला. ४२७ च्या गाड्यांना बॉनेटवर लांबट उंचवटा मिळाला, त्याला ‘स्टिंगर’ म्हणतात. अनेकांच्या मते या पिढीतली सगळ्यात नेटकी गाडी हीच, आणि माझंही मत तेच आहे. पण लक्षात ठेवा, स्टिंगर बॉनेट आज कुणीही विकत घेऊन बसवू शकतो. तीन कार्ब्युरेटर आणि त्यांवरचा तिकोनी एअर क्लीनरही मिळतो. ६,५०० वर लाल रेषा असलेला टॅकोमीटरही मिळतो. डोळ्यांना जे पटकन दिसतं ते सगळं दुकानात मिळतं.

तेव्हा सुरुवात व्हिनपासून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकापासून करू. १९६७ ला व्हिनची पट्टी ग्लोव्ह बॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर असते. काचेतून दिसणाऱ्या जागी ती पुढच्या वर्षापासून गेली. कन्व्हर्टिबलचा क्रमांक १९४६७७एस असा सुरू होतो: पहिला १ म्हणजे शेव्हरोले, ९४ म्हणजे कॉर्व्हेट, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल (कूपेला ३७), त्यानंतरचा ७ म्हणजे वर्ष, एस म्हणजे सेंट लुईस. शेवटचे सहा आकडे गाडीचा अनुक्रम, १००००१ पासून १२२९४० पर्यंत. इथे बरेच जण फसतात: या क्रमांकात इंजिनाचा कुठलाही उल्लेख नाही. कॉर्व्हेटच्या व्हिनमध्ये इंजिनाचं अक्षर १९७२ पासून आलं. म्हणजे व्हिन शंभर टक्के खरा असला तरी त्या गाडीत कारखान्यातून ३०० अश्वशक्तीचं ३२७ निघालं की ४३५ चं ४२७, हे तो सांगत नाही. व्हिनची पट्टी उचकटल्याच्या, नव्याने बसवल्याच्या खुणा असतील तर मात्र तिथेच थांबा. तो घासाघीस करायचा मुद्दा नाही. त्या पट्टीशी छेडछाड हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, आणि असली गाडी उद्या तुमच्या दारातून जप्त होऊ शकते.

त्याच आडव्या पट्टीवर दुसरी छोटी पट्टी असते, तिच्यावर बॉडीचा क्रमांक, आतल्या गादीचा आणि बाहेरच्या रंगाचा संकेत असतो. मरीना ब्लूचा आकडा ९७६. तिथे ९८४ दिसलं तर गाडी मूळची सनफायर पिवळी, ९७४ दिसलं तर रॅली लाल. रंग बदलला म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, पण किंमत उतरते, आणि कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याने आणखी काय लिहिलं नाही याचा अंदाज येतो. बॉडी क्रमांकाआधी ए असेल तर दचकू नका. काही बॉड्या सेंट लुईसला न बनता मिशिगनमधल्या आयोनियाच्या ए. ओ. स्मिथ कंपनीकडून आल्या होत्या, त्यांची ती खूण.

आता खरी जागा. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, तुम्ही अमेरिकेत प्रवाशाच्या बाजूने वाकून पाहिलं तर उजव्या सिलिंडर हेडच्या जरा पुढे, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावर, बोटभर रुंदीची एक सपाट जागा दिसते. तिला पॅड म्हणतात. तिच्यावर दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या गावांत ठोकलेले आकडे असतात. पहिला ठसा इंजिन जोडलं गेलं तेव्हाचा, न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यातला. उदाहरणार्थ ‘टी०१२०जेई’: टी म्हणजे टोनावांडा, ०१२० म्हणजे २० जानेवारी, आणि जेई म्हणजे एल-७१. तिथे आयएल दिसलं तर ते ३९० अश्वशक्तीचं एल-३६, जेसी दिसलं तर ४०० चं एल-६८. दुसरा ठसा सेंट लुईसला गाडी बनताना मारलेला: वर्षाचा ७ आणि त्यापुढे व्हिनचे शेवटचे सहा आकडे. हा दुसरा ठसा व्हिनशी जुळला, तर आणि तरच ‘मॅचिंग नंबर्स’ या शब्दांना अर्थ आहे.

पण आकडे जुळणं ही निम्मीच तपासणी. ते कशावर ठोकलेत ते पाहायचं. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग मोठ्या ब्रोचिंगच्या यंत्रातून एका फटक्यात सपाट केला जायचा. त्या यंत्राच्या दात्यांच्या बारीक समांतर रेषा पॅडवर पुढून मागे गेलेल्या राहतात. आकडे त्या रेषांवर ठोकलेले असल्याने रेषा अक्षराच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने पुढे जाताना दिसतात. कुणी जुने आकडे घासून नवीन ठोकले, तर या रेषा आधी जातात. मग पॅड आरशासारखा गुळगुळीत दिसतो, किंवा त्यावर गोलाकार ओरखडे असतात, किंवा हाताने ओढलेल्या खोट्या रेषा, ज्या कधी तिरप्या तर कधी फार खोल असतात. पॅडवर रंग किंवा तेलाचा थर असेल तर मऊ फडक्यावर थोडं ब्रेक क्लीनर घेऊन पुसा. तारेचा ब्रश कुणालाही लावू देऊ नका. आणि टॉर्च समोरून धरू नका. अगदी कडेने, पॅडला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे रेषांची सावली पडते. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत खोटा पॅडही खरा दिसतो, आणि कॅटलॉगमधले बहुतेक फोटो नेमके तसेच असतात.

अक्षरांचं वळणही बघा. टोनावांडाचा ठसा साच्यात बसवलेल्या अक्षरांचा, एकदम मारलेला, त्यामुळे ओळ बऱ्यापैकी सरळ असते. दोन्ही ठशांची अक्षरं एकाच आकाराची, एकाच खोलीची, एकाच हाताची वाटली तर संशय घ्या. ते दोन वेगळ्या कारखान्यांत मारलेले आहेत. दुसरी बाजूही सांगायला हवी: खऱ्या ब्लॉकचा पॅडही कधी गुळगुळीत असतो, कारण पन्नास-पंचावन्न वर्षांत कुणीतरी इंजिन उघडून ब्लॉक मशीनवर सपाट करून घेतलेला असतो. अशा गाडीचा मालक प्रामाणिक असू शकतो. पण त्याचा प्रामाणिकपणा तुम्हाला पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येणार नाही, म्हणून तुम्हीही त्याचे पैसे देऊ नका.

पॅडनंतर तारखांची साखळी. ब्लॉक ओतला त्या दिवसाची तारीख ब्लॉकवरच उठावात असते, महिन्याला अक्षर लावून: ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी. ‘ए १० ७’ म्हणजे १० जानेवारी १९६७. त्या वर्षीच्या ४२७ ब्लॉकचा नेहमीचा ओतीव क्रमांक ३९०४३५१. एल-७१ च्या हेडचा ३९०४३९१, तर ३९० च्या इंजिनाला ३९०९८०२ ही लंबगोल भोकांची हेड असायची. आता क्रम लावा: आधी ब्लॉक ओतला, मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी इंजिन जोडलं, मग गाडी बनली. १० जानेवारीला ओतलेला ब्लॉक, २० जानेवारीला जोडलेलं इंजिन, फेब्रुवारीतली गाडी, हे पटतं. एप्रिलमध्ये ओतलेला ब्लॉक फेब्रुवारीच्या गाडीत असेल, तर कुणीतरी गणितात चुकलंय, आणि असे नग मी स्वतः हाताळलेत. गिअरबॉक्सच्या खोक्यावरही व्हिनचे आकडे ठोकलेले असतात. चेसिसच्या डाव्या रेलवरही असतात, पण बॉडीखाली दडलेले, आरसा किंवा छोटा कॅमेरा घालूनच दिसतात. इंजिन बदलणारे लोक गिअरबॉक्स विसरत नाहीत, चेसिसला मात्र सहसा हात लावत नाहीत.

काही गोष्टी एकमेकींसोबत येऊच शकत नाहीत, त्याही पाठ असू द्या. एल-७१ सोबत कारखान्याचा एसी मिळत नव्हता. दोन गिअरचा ऑटोमॅटिक पॉवरग्लाइडही नाही, फक्त चार गिअरचा मॅन्युअल. ट्रान्झिस्टर इग्निशन या इंजिनासोबत सक्तीचं होतं. ४२७ च्या गाडीला मागे अँटी-रोल बार असायचा, ३२७ ला नसायचा. वर्णनात ‘एल-७१, मूळ एसी’ असं दिसलं तर ते लिहिणाऱ्याला एक तर गाडी कळत नाही, किंवा फारच कळते.

कागदपत्रांकडे वळू. जमीन घेताना जसा सातबारा, तसा इथे टँक स्टिकर. कारखान्यात गाडीसोबत फिरणाऱ्या ऑर्डरच्या कागदाची एक प्रत पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवली जायची. तिच्यावर गाडीचा क्रमांक आणि प्रत्येक ऑप्शनचा संकेत असतो. एल-७१ तिथे छापलेलं असेल, तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. अडचण अशी की टाकी खाली उतरवल्याशिवाय कागद दिसत नाही, बहुतेक ठिकाणी तो गंजाने आणि उंदरांनी खाल्लेला असतो, आणि खोटे टँक स्टिकर छापून मिळतात. ‘टँक स्टिकर उपलब्ध’ एवढ्यावर समाधान मानू नका. विचारा: तो टाकीवर आहे की फ्रेममध्ये? टाकीवरून काढताना फोटो घेतले होते का? कागदाच्या मागे डिंक, धूळ आणि टाकीच्या पन्हळींचे ठसे आहेत का? जुना कागद एकसारखा पिवळा होत नाही. डिंक जिथे जाड होता तिथे काळपट, कडेला फिका, घडीवर तुटलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा असतो.

दुसरा पुरावा प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली धातूची पातळ पट्टी. तिच्यावर व्हिन, इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचे संकेत उलट्या अक्षरांत उठवलेले असतात. तीही नव्याने करून मिळते, म्हणून तिच्यासोबत पहिल्या मालकाचं नाव, जुनी सर्व्हिसची बिलं, विमा, असं काही जोडीला लागतं. तिसरी गोष्ट एनसीआरएस, म्हणजे नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचा शिपिंग रिपोर्ट. गाडी कुठल्या डीलरकडे आणि केव्हा पाठवली ते त्यातून कळतं. इंजिन कुठलं होतं ते कळत नाही. ऑप्शनची माहिती जनरल मोटर्सकडेच मिळेल असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या कॉर्व्हेटची तशी नोंद कंपनीकडे नाही. कॅनडात नव्या विकल्या गेलेल्या गाड्यांची मात्र जीएम कॅनडाकडे आहे, म्हणून कॅनडाची गाडी तपासणं आम्हाला सोपं जातं.

कॅटलॉगमध्ये एनसीआरएसचा ‘टॉप फ्लाइट’ पुरस्कार लिहिलेला असेल तर तो चांगलाच. त्याला ९४ टक्के किंवा जास्त गुण लागतात. पण ते गुण गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसते का यासाठी असतात. इंजिन याच गाडीसोबत जन्माला आलं याचा दाखला ती संस्था देत नाही. कुशलतेने ठोकलेला पॅड असलेली गाडीही टॉप फ्लाइट मिळवू शकते. हे मी संस्थेला नावं ठेवायला म्हणत नाही, त्यांच्यासारखं शिस्तीचं काम दुसरं कुणी करत नाही. पण पुरस्कार ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो तुमचा प्रश्न नाही.

कॅटलॉगची भाषा वकिलाने तपासलेली असते असं समजून वाचा. ‘करेक्ट इंजिन’ म्हणजे त्याच प्रकारचं, त्याच काळातलं. याच गाडीचं असं नाही. ‘रिपोर्टेड’ आणि ‘बिलीव्ह्ड’ म्हणजे विक्रेता म्हणतो, आम्ही नाही. ‘४२७/४३५ इंजिन’ असं लिहून ‘ओरिजिनल’ हा शब्द टाळला असेल तर तो विसरून टाळलेला नसतो. तुमच्या गाडीचं वर्णन मी दोनदा वाचलं: त्यात ‘मॅचिंग नंबर्स’ आहे, ‘ओरिजिनल टू द कार’ कुठेच नाही. पॅडचा फोटोही नाही. वीस फोटोंमध्ये पाच बॉनेटचे आहेत. ज्याच्याकडे खरा पॅड असतो तो त्याचा फोटो पहिल्या तीनात टाकतो.

आता बॉडी. फायबरची असल्याने लोहचुंबक निरुपयोगी, आणि रंगाची जाडी मोजणारं साधं गेजही इथे चालत नाही, त्याला खाली धातू लागतो. अल्ट्रासाउंडचं गेज लागतं. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे हात घालून आतून पाहणं. मूळ भाग दाबसाच्यात बनवलेले असल्याने आतूनही गुळगुळीत असतात. अपघातानंतर बदललेला भाग बहुधा हाताने घातलेल्या चटईचा असतो, आतून खरखरीत, धागे दिसणारा. पुढच्या चाकांच्या कमानीत टॉर्च घाला आणि जोडपट्ट्या जागेवर आहेत का ते बघा. पुढचा नाकाडा सबंध बदललेल्या गाड्या पुष्कळ आहेत, या गाड्या तरुण पोरांनी चालवल्यात. बाहेरून उन्हात तिरक्या नजरेने पाहिलं की जुने सांधे रंगाखालून किंचित उठलेले दिसतात; थोडे दिसले तर घाबरू नका, ते स्वाभाविक आहे.

खरा खर्च फायबरखालच्या लोखंडात असतो. चेसिस मागच्या चाकांच्या पुढे जिथे वर वळते तिथे आत पाणी आणि माती साठते, आणि ती आतून कुजते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. काचेभोवतीचा आणि दारांचा सांगाडाही लोखंडीच, त्याला ‘बर्डकेज’ म्हणतात. त्याला गंज लागला असेल तर दारांच्या फटी बिघडतात आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगतो. हे दुरुस्त करायला बॉडी चेसिसवरून उचलावी लागते, आणि मग दीड लाखाची गाडी दोन लाखांकडे निघते. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क असा मीठ टाकलेल्या रस्त्यांवरचा इतिहास असेल तर दुप्पट बारकाईने बघा. ब्रेक चारही चाकांना डिस्क, दर कॅलिपरला चार पिस्टन. काम झकास, पण उभ्या गाडीत सिलिंडर गंजतात आणि ब्रेकचं तेल झिरपतं. सिलिंडरांत आतून स्टेनलेस स्टीलच्या बाह्या (स्लीव्ह) घातलेल्या असतील तर उत्तम. नसतील तर तो खर्च धरा, पण त्यावरून सौदा मोडू नका.

लिलावाच्या जागी तुम्हाला गाडी चालवून बघता येणार नाही. बॉनेट उघडून देतील, खाली वाकू देतील, इंजिन चालू झालेलं बहुधा ती मंचाकडे नेतानाच ऐकू येईल. टाकी कुणी उतरवून देणार नाही. म्हणून सगळी खरी तपासणी आधीच व्हायला हवी. लिलावगृहामार्फत विक्रेत्याशी बोला, आणि गाडी अजून त्याच्या गॅरेजमध्ये असतानाच एखादा स्वतंत्र तपासनीस पाठवा, कॉर्व्हेटच करणारा. ‘सगळ्या जुन्या गाड्या बघतो’ असं सांगणारा नको.

बोलीच्या वेळी एक गोष्ट समजून घ्या. राखीव किंमत (‘रिझर्व्ह’, जिच्याखाली विक्रेता विकत नाही) असलेल्या गाडीवर ती किंमत गाठेपर्यंत विक्रेत्याच्या वतीने बोली पुकारायची मुभा लिलावगृहाला अनेकदा करारातच दिलेली असते. म्हणजे सुरुवातीला तुम्ही ज्याच्याशी चढाओढ करताय तो माणूस कदाचित नसेलच. ‘रिझर्व्ह इज ऑफ’ असा पुकारा झाल्यावर खेळ खरा. तोवर हात खिशात. तुमच्या बाजूला उभा राहून खांद्यावर हात टाकणारा, ‘अजून एकच, सर’ म्हणणारा मदतनीस लिलावगृहाचा पगारी आहे; गोड बोलून त्याच्याकडे दुर्लक्ष करा. राखीव किंमत गाठली नाही आणि गाडी मंचावरून परत गेली, तर तोच तुमचा चांगला मुहूर्त. विक्रेत्याने वाहतुकीचे आणि प्रवेशाचे पैसे भरलेत, गाडी परत घरी न्यायची त्याला हौस नसते. लिलावगृहाच्या खिडकीवर जा आणि लेखी आकडा द्या.

आणि दीड लाख म्हणजे दीड लाख नव्हे. हातोडा दीड लाखावर पडला की वर खरेदीदाराचा प्रीमियम, अशा प्रत्यक्ष लिलावांत साधारण १० टक्के: झाले १,६५,००० डॉलर. न्यू जर्सीत नोंदणी करताना ६.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे आणखी सुमारे १०,९०० डॉलर. बंद ट्रेलरमधून वाहतूक आणि ठरलेल्या किमतीचा विमा वेगळा. तुमची एकूण मर्यादा दीड लाख असेल तर हातोड्याची मर्यादा सव्वा लाखाच्या आसपास ठेवा. गाडी २५ वर्षांहून जुनी असल्याने ‘क्यूक्यू’ची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळेल, पण तिच्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही. आणि हातोडा पडला की विषय संपला: ‘आहे तशी, आहे तिथे’ या अटीवर विक्री असते, दुसऱ्या दिवशी पॅड खोटा निघाला तरी पैसे परत मिळवणं महाकठीण.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न: चालवायला एल-७१ हवी आहे का? साध्या चालीत मधला एकच कार्ब्युरेटर काम करतो, पाय दाबला की इंजिनाच्या ओढीने बाहेरचे दोन उघडतात, आणि त्या क्षणी ही गाडी जे करते त्याला तोड नाही. पण क्लच जड, पुढचं वजन जास्त, टॅपेटची फट अधूनमधून हाताने जुळवावी लागते, आणि जुलैत ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पाय भाजतात. कॉम्प्रेशन ११ ला १, त्या काळच्या शिसेवाल्या उंची पेट्रोलसाठी बेतलेलं. आजच्या पंपावरच्या प्रीमियम पेट्रोलवर ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं. वीकेंडला बायकोला घेऊन फिरायचं असेल, तर ३२७ चं ३५० अश्वशक्तीचं एल-७९ घ्या. पुढून हलकं, वळणावर हुशार, एसीसहही मिळतं, आणि पैसे उरतात. मला स्वतःसाठी निवडायची झाली तर मी तीच निवडेन. शर्यतीसाठी बेतलेल्या ४२७ चा, म्हणजे एल-८८ चा मोह कुणी दाखवला तर हसून सोडून द्या. त्या १९६७ ला फक्त २० बनल्या, आणि २०१४ च्या जानेवारीत स्कॉट्सडेलच्या बॅरेट-जॅक्सन लिलावात त्यातली एक ३८.५ लाख डॉलरला गेली.

पुण्याबद्दल. पन्नास वर्षांवरची गाडी भारतात विंटेज म्हणून नोंदवता येते: नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठीच. डाव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० मुळे सहज रस्त्यावर आणता येत नाही, इशारा देणारं ठरावीक उपकरण लागतं. सीमाशुल्काचा बोजा मोठा आहे आणि आयातीचे नियम बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष न्यायच्या वर्षी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाकडून लेखी हिशेब घ्या. शिवाय २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गास्केटं खाऊन टाकतं. ते सगळं आधी बदलावं लागेल. पुण्याच्या उन्हाळ्यात आणि सिग्नलवर ४२७ ला थंड ठेवणं हा वेगळाच उद्योग. माझा सल्ला विचाराल तर गाडी इकडेच ठेवा.

आत्ता लगेच करायचं ते एवढं: लिलावगृहाला ईमेल करा आणि पॅडचे दोन फोटो मागवा, एक सरळ, एक कडेने टॉर्च धरून. ब्लॉकवरच्या ओतीव तारखेचा एक. गिअरबॉक्सच्या आकड्यांचा एक. ग्लोव्ह बॉक्सखालच्या दोन्ही पट्ट्या एकाच फोटोत. टँक स्टिकरची पुढची आणि मागची बाजू. आले की मला पाठवा, मी बघून सांगतो. आठवड्याभरात आले नाहीत, किंवा ‘गाडी पॅक झाली आहे’ असं उत्तर आलं, तर ती इंजिन बदललेली गाडी धरून तुमची मर्यादा निम्म्याच्या जवळ आणा. त्या भावात मिळाली तर घ्या, चालवायला ती तेवढीच मजेची आहे.